पाकोळीची जागा

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटले? आता असं समजा, की तुमच्यासमोर किनारा आहे. वाळूचा नाही हं; वाळू मनातून काढून टाका. आमच्या किनाऱ्यावर नुसते गोटे. मुठीएवढे, करडे, अंड्यासारखे गुळगुळीत. लाट मागे सरली की ते सगळे तिच्यामागून घरंगळतात आणि मोठ्या पातेल्यात कुणी अक्रोड ढवळावेत तसा आवाज येतो. दोन्ही बाजूंना खडूसारखे पांढरे कडे. डावीकडच्या कड्यावर, अगदी टोकाला, एक चॅपेल, म्हणजे लहानसं चर्च. आणि गोट्यांवर ओढून ठेवलेल्या होड्या.

त्या होड्यांमध्ये एक जुनी होडी शोधा. तिच्या डोक्यावर गवताचं छप्पर आहे आणि कुशीत दार. आमच्याकडे होडी म्हातारी झाली म्हणून कुणी फोडत नाही. तिला वर ओढायची, शाकारायची, बाजूला दार कापायचं. जाळी आणि दोर ठेवायला खोली तयार. या होडीत मात्र जाळी नव्हती. तिथे अर्सेन राबेल नावाचा चित्रकार राहायचा. दाराला जवसाच्या तेलाचा वास यायचा आणि कडीवर नेहमी निळ्या-हिरव्या बोटांचे डाग.

आता डोळे उघडलेत तरी चालेल. ती होडी अजून तशीच आहे, फक्त छप्पर गळतं.

राबेलची चित्रं आज पॅरिसच्या मोठमोठ्या दालनांत लावलेली आहेत. तुम्ही कधी गेलात तर माझं एक काम करा. त्याच्या सुरुवातीच्या चित्रांत माणूस शोधा. सापडणार नाही. होडी नाही, शीड नाही, किनाऱ्यावर वाळत घातलेली पैरणसुद्धा नाही. नुसता समुद्र, कडे आणि आकाश. मग नंतरच्या चित्रांपाशी जा. तिथे प्रत्येक चित्रात नखाएवढी एक तपकिरी होडी दिसेल. जाणकार सांगतात, समुद्र केवढा मोठा ते कळावं म्हणून ती घातली आहे. सांगू देत. तुम्ही नीट बघा. एका चित्रातली होडी दुसरीसारखी कललेली नाही. म्हातारा होईपर्यंत तो ती होडी काढत राहिला आणि एकदाही ती त्याला जमली नाही.

ही त्या होडीची गोष्ट. मी तेव्हा गावच्या शाळेत धाकट्यांना शिकवत असे, त्यामुळे बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं राबेलनेच पुढे सांगितलं.

राबेल रुआँ शहरातल्या एका कापडवाल्याचा मुलगा. छातीत कफ झाला म्हणून वडिलांनी त्याला खारी हवा खायला पंधरा दिवस आमच्याकडे पाठवलं आणि तो राहूनच गेला. त्याची काम करण्याची रीत गावाला फार गमतीची वाटे. पांढरी छत्री, रंगांची पेटी, वाऱ्याने उडू नये म्हणून गोटे बांधलेली चित्र ठेवायची तिवई, आणि जागा नेहमी तीच, डाव्या कड्याच्या पायथ्याशी. सकाळच्या भरतीचं चित्र असेल तर ते सकाळच्या भरतीलाच पुढे जाणार. ढग सरकला की ते चित्र खाली, दुसरं वर. एखादा उजेड पुन्हा तस्साच यायला वर्ष लागलं तर चित्र वर्षभर भिंतीकडे तोंड करून उभं.

अपोलीन मावशी मासळीची टोपली घेऊन जाता जाता त्याला 'मस्यो', म्हणजे साहेब, अशी हाक मारून रोज विचारायची, "काय मस्यो राबेल, समुद्र कालच्या जागीच आहे का?"

"नाही मावशी, जरा डावीकडे सरकलाय."

"मग पकडा हो लवकर. दुसऱ्या गावाला गेला तर आम्ही खायचं काय?"

त्याची छत्री वाऱ्यात धरून बसायचं काम झेलीकडे असे. झेली म्हणजे प्रोस्पेर द्युबोकची मुलगी. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि खिडकीतून बाहेर बघायची. शाळा सुटली, की बाहेर बघायला तिला आख्खा किनारा मोकळा. राबेलला मुलांशी बोलता येत नसे. पण बघायला शिकवता येत असे, आणि ते फार थोड्यांना येतं.

"पाणी कोणत्या रंगाचं आहे?" तो विचारायचा.

"निळं."

"न बघता सांगितलंस. बघून सांग."

मग ती बघायची. बराच वेळ. "कड्याखाली दुधासारखं. मधे बाटलीसारखं. आणि लांब तिथे... तिथे शिंपल्याच्या आतून असतं ना, तसं."

"शाब्बास. आता त्यातलं निळं मला दाखव."

"नाहीच आहे!" झेली ओरडायची, आणि दोघंही हसायची.

एकदा तिने विचारलं, "मस्यो, तुमच्या चित्रात माणसं का नसतात?"

"माणसं हलतात."

"समुद्र पण हलतो की."

यावर तो हसला आणि त्याने कुंचला पुन्हा रंगात बुडवला.

मार्च महिन्यातली एक सकाळ. ईस्टरच्या उपासाचे दिवस, मटण बंद, म्हणजे मासळीला मागणी. प्रोस्पेरची होडी पाण्यात जायला निघाली. होडीचं नाव पाकोळी. तिच्यावर तिघं: प्रोस्पेर, त्याचा धाकटा भाऊ आँसेल्म आणि म्हातारा लेओनार फिके. पाकोळी कधीकाळी खडकावर आपटली होती, आणि डागडुजी झाली तेव्हापासून चालताना डावीकडे जराशी कलायची. ती कितीही लांब असली तरी कड्यावर उभी असलेली कुठलीही बाई म्हणायची, "आली गं लंगडी. ओनोरीन, सूप तापत ठेव." ओनोरीन म्हणजे प्रोस्पेरची बायको, झेलीची आई. तिला लंगडी म्हटलेलं आवडत नसे. "लंगडी काय लंगडी! चालीत ऐट आहे तिच्या," असं ती ठसक्यात सांगायची.

त्या सकाळी राबेलच्या तिवईवर जे चित्र होतं, ते कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून उभं राहिलेलं. ज्या उजेडाची तो वाट पाहत होता तो त्या दिवशी आला. पावसाळी ढगांच्या खालून सूर्य आडवा आला आणि पाणी आतून पेटवल्यासारखं झालं. राबेलचा हात चालायला लागला. आणि नेमकी त्या उजेडाच्या मधोमध पाकोळी आली.

"ए! बाजूला व्हा!" राबेल कुंचला हलवत ओरडला. लाटांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

झेलीला हसू आवरेना. "मस्यो, पपा तुमच्या चित्रात शिरले!"

"शिरलेत खरे. जातील आता."

"नको ना जाऊ देत. काढा ना त्यांना!"

"तुझ्या पपांना बसायला इथे जागा कुठे आहे?"

"लहानशी द्या. नखाएवढी." तिने करंगळीचं नख पुढे केलं. "एवढ्यात मावतील ते. आँसेल्मकाका जरा दाबून बसतील."

राबेल कुरकुरला. पण पोरीचा चेहरा बघून त्याने तपकिरी रंगात कुंचला बुडवला आणि चार-पाच वेळा नुसता टेकवला. शिडाला एक, अंगाला एक, पाण्यातल्या सावलीला एखादा. पुढे तो मला म्हणाला होता, "बाई, मी विचार केलाच नव्हता. हात आपला गेला." त्यात ना पाकोळीच्या शिडाला असलेलं ठिगळ दिसत होतं, ना माणसं. पण होडी डावीकडे कललेली होती. पाकोळी कलायची तितकीच. केसभर जास्त नाही, केसभर कमी नाही.

झेलीने टाळ्या पिटल्या. "हीच! हीच आमची पाकोळी!" छत्री टाकून ती गावाकडे पळाली. भेटेल त्याला सांगत सुटली. मलाही सांगितलं. पपा चित्रात आहेत, पॅरिसला जाणार आहेत, आणि आँसेल्मकाका दाबून बसलेत.

संध्याकाळी राबेलने चित्र दाराशी उभं केलं आणि मावळत्या उजेडात समोर बसला. आजवर त्याच्या हातून असं पाणी उतरलं नव्हतं. पण त्याचा डोळा त्या पाण्यावर ठरेना. जिथून बघायला सुरुवात करावी तिथून तो घसरायचा आणि होडीवर जाऊन बसायचा. होडीने सगळा समुद्र खाऊन टाकला, असं त्याला वाटलं. शेवटी त्याने सुरी घेतली. पावावरचं जास्तीचं लोणी काढावं तशी ती होडी खरवडली, तेलाच्या फडक्याने जागा पुसली, वरून पाण्याचा रंग भरला आणि सुरी पुसून ठेवून दिली. यात वाईट असं काही नव्हतं. चित्रकार असं रोज करतात. झेलीला काय सांगायचं, एवढा विचार मात्र त्याच्या मनात आला. पोर आहे, विसरेल, असं त्याने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी, होड्या अजून समुद्रातच असताना, वारा फिरला. विषुवाच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे होण्याच्या दिवसांत आमच्याकडे जे तुफान येतं ते आलं. ते ओसरल्यावर बाकीच्या होड्या कशाबशा आल्या. बायकांनी किनाऱ्यावरच्या दोर गुंडाळायच्या उभ्या ओंडक्याच्या दांड्यांना छाती लावून, गोल गोल फिरत एकेक होडी दोराने वर ओढली. ओनोरीन प्रत्येक होडीला दांड्याशी होती. परक्यांच्या होड्या तिने ओढल्या. दोर संपला, दांडे थांबले, तरी ती दांडा धरून उभीच होती.

पाकोळी आली नाही. तिचं काही वाहूनही आलं नाही.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. कड्यावरच्या त्या चॅपेलमध्ये भिंतीवर होड्यांची चित्रं आहेत. जी होडी माणसांसकट नाहीशी होते, तिचं चित्र तिथे लावायचं. समुद्राला आशीर्वाद देण्याचा सण ईस्टरनंतर मे महिन्याच्या सुमाराला येतो. त्या दिवशी पाद्रीबाबा एकेका चित्रासमोर उभे राहून त्या होडीवरच्या माणसांची नावं घेतात. कबर नसलेल्यांना तेवढंच. चित्र नसेल तर नाव नाही. आणि चित्र कुणीही काढून चालत नाही. ज्याने ती होडी शेवटची जाताना पाहिली, त्याच्याच हातचं हवं. चुकीची होडी काढली तर बुडालेले तिला ओळखत नाहीत, बाहेरच उभे राहतात, असं म्हाताऱ्या सांगतात.

एरवी हे काम म्हातारा पोलीत करायचा. होड्यांवर नावं रंगवणं हा त्याचा धंदा. रोज पहाटे तो किनाऱ्यावर पाइप ओढत बसलेला असायचा, त्यामुळे त्याने न पाहिलेली होडी नसे. पण त्या आठवड्यात पोलीत तापाने अंथरुणाला खिळला होता.

"मी पाहिलीच नाही, तर काढू कशी?" तो ओनोरीनला म्हणाला. "तुझ्यासाठी खोटं काढीन गं, पण प्रोस्पेर मला माफ करायचा नाही."

तेव्हा झेली म्हणाली, "आई, चित्र आहे ना! मस्योंकडे आहे. मी पाहिलंय."

चार बायका राबेलच्या दाराशी गेल्या. ओनोरीन पुढे, काळी शाल घेतलेली. मागे अपोलीन मावशी.

"मस्यो," ओनोरीन म्हणाली, "झेली म्हणते, तुम्ही आमची होडी काढलीत."

राबेल दारातच उभा राहिला. आत त्याच्या पाठीमागे चित्र होतं. "हो," तो म्हणाला. "म्हणजे... काढली होती."

"बघू?"

"ओलं आहे अजून."

"आम्ही हात नाही लावणार हो," अपोलीन मावशी म्हणाली. "आमचे हात मासळीचे, पण अक्कल आहे आम्हाला."

"सणापर्यंत देतो," राबेल म्हणाला, आणि त्याने दार लावून घेतलं.

बायका परत फिरल्या. ओनोरीन वाटेत पहिल्यांदा रडली. बरं वाटून रडली, हे लक्षात घ्या. प्रोस्पेरला जागा मिळणार होती.

राबेलला वाटलं होतं, त्यात काय, पुन्हा काढू. हातात कला असलेल्या माणसाला असंच वाटतं. त्याने पाण्यावर होडी काढली. दिसायला चांगली होती. पण ती कुठलीही होडी होती. पुसली. पुन्हा काढली, जास्त कललेली. ती बुडताना दिसायला लागली. खरवडली. त्या सकाळचं पाणी त्याला तसंच्या तसं आठवत होतं. कुठल्या लाटेच्या पाठीवर कुठला हिरवा होता हेसुद्धा तो सांगू शकला असता. होडी आठवत नव्हती. तिच्याकडे त्याने मनापासून पाहिलंच नव्हतं. ती मधे आली होती, एवढंच.

तो गावात विचारत फिरला. कुणी म्हणे, ठिगळ शिडाच्या वरच्या टोकाला होतं. कुणी म्हणे, छे, खाली. ओनोरीनला विचारायची त्याची हिंमत झाली नाही. एकदा मला त्याने विचारलं, "बाई, ती डावीकडे किती कलायची?" मी हाताने दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी दाखवलं, आणि माझ्याच लक्षात आलं, की कालच्यापेक्षा माझा हात वेगळा आहे.

ते चित्र पॅरिसच्या प्रदर्शनाला न्यायला गाडीवाला खोकं घेऊन आला आणि रिकामं खोकं घेऊन परत गेला.

सणाला थोडेच दिवस उरले तेव्हा झेली त्याच्याकडे गेली. तिला बोलावलेलं नव्हतं. दार ढकलून ती आत शिरली. चित्र तिवईवर होतं. मधोमध एक होडी, नुकतीच काढलेली.

झेलीने बघितलं. त्यानेच शिकवल्यासारखं बघितलं, बराच वेळ.

"ही आमची नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आमची कुठेय?"

राबेल रंगाच्या पेटीवर बसला. त्याला तिच्याएवढं खाली व्हायचं होतं. "झेली, मी ती पुसली."

"चुकून?"

तो हो म्हणू शकला असता. "नाही," तो म्हणाला. "मुद्दाम. चित्रात ती मला नको होती."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी. तू घरी गेल्यावर."

माझ्या वर्गात वजाबाकी करताना झेलीचे ओठ हलायचे, तसे हलले. मग ती हळूच म्हणाली, "तेव्हा पपा होते."

"हो."

"वादळ नव्हतं आलेलं."

"नव्हतं."

"तुम्ही पुसली, म्हणून ती परत आली नाही का?"

मुलांनो, हे मला राबेलने सांगितलं तेव्हा त्याचे सगळे केस पिकलेले होते. पण या प्रश्नापाशी येऊन तो थांबायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. त्याने तिला अर्थातच सांगितलं, की असं नसतं. होड्या वाऱ्याने बुडतात, चित्राने नाही. पटेल असं सांगितलं, दोनदा सांगितलं. पण प्रश्न आला त्या क्षणी तो आधी गप्प बसला होता, आणि झेलीने ते पाहिलं होतं. बघायला तिला त्यानेच तर शिकवलं होतं.

"मी आठवते," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही काढा."

दोघांनी मिळून प्रयत्न केला. "अजून थोडी तिरकी. नाही, एवढी नाही. जाडी झाली. पपांना अशात बसता येणार नाही." तो काढत होता, ती मान हलवत होती, तो खरवडत होता. दुपार गेली. शेवटी झेलीने डोळे चोळले आणि म्हणाली, "मस्यो, आता मला पण नीट दिसेना. तुमच्या या इतक्या होड्या मधे आल्या."

तेव्हा राबेलने सुरी खाली ठेवली. त्या जागी पुन्हा पाण्याचा रंग भरला, जाड, आणि चित्राला हात लावणं बंद केलं.

सणाच्या दिवशी तो चित्र डोक्यावर घेऊन कडा चढला. चॅपेल गच्च भरलेलं. पांढऱ्या टोप्या, भिंतीवर होड्या, आणि पोलीतच्या होड्यांमध्ये एक रिकामा खिळा. राबेलने चित्र भिंतीला टेकवलं.

लोक पुढे सरकले. बघत राहिले.

"होडी कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"होडी मी काढली होती," राबेल म्हणाला. त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला असेल-नसेल. "आणि मीच पुसली. पुन्हा जमली नाही. कुठलीतरी होडी काढून देऊ शकलो असतो. ती दिली नाही."

गलका उठला. अपोलीन मावशी रोजच्या थट्टेतली राहिली नव्हती. "रिकामं पाणी टांगायचं? पाणी काय कमी आहे हो बाहेर? पाण्यानेच खाल्ली ना माणसं!"

"मावशी, मी..."

"इतकी वर्षं आमच्या मासळीवर जगलात. आमच्या किनाऱ्यावर बसलात. एक होडी ठेवता आली नाही तुम्हाला?"

त्याने मान खाली घातली.

सगळे ओनोरीनकडे बघायला लागले. ती चित्रासमोर उभी राहिली. कड्याखालचं दुधाळ पाणी तिने बघितलं, लांबचा शिंपल्याचा रंग बघितला. "हे त्याच सकाळचं?" तिने विचारलं.

"त्याच सकाळचं."

"मग टांगा."

पोलीतने, अजून पायांत बळ नसताना, स्वतः चित्र उचलून खिळ्याला लावलं. पण पाद्रीबाबा कपाळाला हात लावून उभे होते. ते वाईट नव्हते, फार म्हातारे होते. "ओनोरीन," ते म्हणाले, "नाव होडीचं घ्यायचं असतं. होडी नसेल तर मी कुणाला हाक मारू? उद्या दुसरी कुणी नुसती फळी आणेल."

"तुमची मर्जी, बाबा," ओनोरीन म्हणाली, आणि बाकावर जाऊन बसली. झेलीचा हात तिने हातात धरला होता.

प्रार्थना सुरू झाली. पाद्रीबाबा काठी टेकत एकेका चित्रासमोर थांबत होते. होडीचं नाव, मग माणसांची नावं, मग लोकांचं हलकं 'आमेन'. सेंत-मार्त होडी. पांढरा गुलाब. त्यांची पावलं राबेलच्या चित्रासमोर आली, जरा अडखळली, आणि पुढच्या चित्राकडे वळली.

राबेल दाराशी उभा होता. दार उघडं होतं आणि बाहेर समुद्र होता, पण तो तिकडे बघत नव्हता.

झेलीने आईच्या हातातून आपला हात सोडवला. मेणबत्त्या लावायला चढायचं लाकडी स्टूल कोपऱ्यात होतं. ते तिने फरशीवरून त्या चित्राखाली ओढलं. इतका आवाज झाला, की पाद्रीबाबांचं वाक्य अर्धंच राहिलं. कुणीतरी "अगं ए!" म्हणालं. झेली स्टुलावर चढली. चित्रातल्या कड्याच्या टोकापासून थोडं उजवीकडे, जिथे इतक्या होड्या आल्या आणि गेल्या, तिथला रंग अजून ओला होता. तिने अंगठा टेकवला, डावीकडे जरासा कलवला आणि दाबला.

मग ती वर्गात हजेरी घेतात तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "पाकोळी. प्रोस्पेर द्युबोक. आँसेल्म द्युबोक. लेओनार फिके."

ती खाली उतरली, स्टूल होतं तिथे नेऊन ठेवलं, आणि हिरवा अंगठा फ्रॉकला लागू नये म्हणून वर धरून आईशेजारी येऊन बसली.